वर्तुळातला कमी पडलेला हात

प्रिय जॅनेल,

तू कॉलेजातल्या तुमच्या भगिनीमंडळाची अध्यक्ष झालीस हे वाचलं आणि ओव्हनमधला पीच फळांचा गोड कॉबलर मी पार विसरले. जळला. शेजारची ओझेला कुंपणावरून ओरडली, "हॅटी, घर पेटवतेस की काय?" मी म्हटलं, "पेटू दे गं, माझी नात अध्यक्ष झालीय!" मग दोघींनी वरचं काळं खरवडून तोच खाल्ला.

तू विचारलंस, त्या टीव्हीवरच्या गायिकेला मानद सदस्य करून घ्यायला तुम्ही तिच्या मागे लागावं का? अगं, मी चौथीपर्यंत शिकलेली, मला काय विचारतेस! नावाजलेली बाई आली तर मुली हौसेने येतील, पेपरात फोटो येईल, वाईट काय त्यात? ओझेलाला नाही पटत. "तिच्या दारात जाऊन विनवण्या कशाला? अभ्यास सांभाळून मंडळात राबणाऱ्या पोरींनी काय घोडं मारलंय?" तिच्या तोंडाला कोण लागणार!

मला आपला तुझ्या आईचा, माझ्या लेकीचा, अंत्यविधी आठवतो. तिच्या मंडळातही एक मानद बाई होती, मोठी न्यायाधीश. तिचं फुलांचं चक्र आलं, दाराएवढं. सुंदर होतं हो, पण ती आली नाही. मंडळातल्या पांढरे कपडे घातलेल्या बायका त्यांच्या रीतीप्रमाणे शवपेटीभोवती हात धरून उभ्या राहिल्या, तर वेढा पुरा होईना, एक हात कमी पडला. बाहेरच्या बाईला त्या वर्तुळात घेत नाहीत. पण त्यांच्यातली मुख्याध्यापिका बर्निस माझ्याकडे वळली. "आई, या इकडे. नियमांचं मागाहून बघू." एका गाण्यापुरती मीही मानद सदस्य झाले बघ, काळ्या कपड्यांत! तू तेव्हा बाहेर गाडीत बसून होतीस. उतरलीच नाहीस.

तेव्हा बोलवा त्या गायिकेला खुशाल. एवढंच विचारा, आमच्यातलं कुणी गेलं तर येऊन हात धरशील ना?

खरं तर पत्र त्यासाठी नाही, बाळा. आईच्या थडग्याचा दगड शनिवारी बसणार होता. तू कळवलंस, त्याच दिवशी गायिकेचा सोहळा आहे, जमणार नाही. मी दगडवाल्याला सोमवारवर ढकललंय. कुरकुरला, पण कॉबलर कबूल केल्यावर नरमला. वर्षभरात तू तिकडे फिरकली नाहीस. का, ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. आईचा पांढरा झगा इस्त्री करून ठेवलाय, तुला बसेल. बर्निस आणि तिच्या मैत्रिणी येणार आहेत, दगडाभोवती उभ्या राहणार आहेत. माझा एक हात बर्निस धरेल. दुसरा मी कुणाला देणार नाही.

वाट बघणारी,
तुझीच आजी