पाच टनांचा हुक

३ मार्च, सोमवार
कुमासीतल्या आमच्या गॅरेज-गल्लीला लिफ्टिंग मास्टर, म्हणजे गाड्या उचलण्याच्या कामाचा प्रमुख, नेमणार. शनिवारी फिटर संघटनेची बैठक. उमेदवार दोन: मी, आणि टेक्निकल शाळेत जाऊन आलेला ड्वुमफोर. म्हणजे एकच.

४ मार्च
आज गल्लीला 'सेफ वर्किंग लोड', म्हणजे बिनधोक उचलायचं वजन, समजावलं. माझ्या चेनब्लॉकवर, म्हणजे साखळी-हुकाच्या कप्पीवर, '१ टन' कोरलंय, ते भित्र्यांसाठी. कॅटलॉगात स्पष्ट छापलंय की कारखाना साखळी पाचपट मजबूत करतो. म्हणजे जाणकाराला पाच टन. ड्वुमफोर म्हणाला, मास्टर, ते जास्तीचं बळ झटक्यासाठी, झिजेसाठी राखलेलं असतं, वापरायचं नसतं. मी विचारलं, मग ठेवलंच कशाला?

५ मार्च, सकाळी
'१ टन' घासून काढला. पेंटरकडून '५ टन' लिहून घेतलं. पिवळा रंग, काळी किनार. किनार एका बाजूला जाड झाली. पुन्हा करायला लावली. सेरवा जेवणाचा, फुफूच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. म्हणाली, अहो, लिहिलंत खरं, पण साखळीला वाचता येतं का? बायकोशी तांत्रिक विषय बोलायचा नाही. ठराव.

७ मार्च
देव पाठीशी आहे. कोनफळांनी भरलेला ट्रक, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला. ड्वुमफोर म्हणे, आधी माल उतरवा. मालावर बसलेल्या बाजारकरणी उतरेनात. त्यांच्या पुढारी मामे पोमा म्हणाल्या, उतरवलेल्या कोनफळाला पाय फुटतात बाबा, आम्ही नाही हलत. मी म्हटलं, बसा खुशाल. मागचा भार माझ्या अंदाजानं साडेचार टन, माझी मर्यादा पाच. उरलेल्या अर्ध्या टनात मावश्या. उद्या अध्यक्षांसमोर उचलणार. नेमणूक जागच्या जागी.

८ मार्च, दुपारी
चाकं वीतभर वर आली. टाळ्या. अध्यक्षांनी मान डोलावली. मग हुक हळूहळू उघडला, जांभई दिल्यासारखा. ट्रक खाली. लागलं कुणालाच नाही. कोनफळं फुटली. मामे पोमा वरूनच ओरडल्या, मास्टर, आमचा भार पेलत नव्हता तर तोंडानं सांगायचंत, उतरलो असतो की! अख्खी गल्ली हसली. कारण उघड आहे: मावश्या हलत होत्या. सिद्धांत शाबूत.

संध्याकाळी
ड्वुमफोर नेमला गेला. म्हणे एकमतानं. मी हात वर केला नव्हता. नोंद असावी.

१२ मार्च
उघडलेला हुक संघटनेच्या कचेरीत टांगलाय. खाली पाटी: 'सेफ वर्किंग लोड म्हणजे काय? मास्टर अंपोन्सा यांच्या सौजन्याने. साडेचार टनांना उघडला.' नाव आलं, बरं वाटलं. पण आकडा चूक. ट्रकवाल्याकडे वजनकाट्याची चिठ्ठी पाहिली: मावश्यांसकट मागचा भार जेमतेम तीन टन. चुकीची माहिती भिंतीवर राहिलेली मला खपत नाही. खुर्चीवर चढून स्वतः 'तीन' केलं. ड्वुमफोरनं खुर्ची धरली. थँक यू म्हणाला.