घडीवर बेतलेलं घर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. गेल्या आठवड्यात मी नव्या घराच्या चरात असा पालथा पडलो की आठही अंगं एकदम जमिनीला लागली, आणि तोंड नेमकं तुमच्या गावाच्या दिशेला होतं. तेव्हा नमस्कार पोचला असं समज.) भाऊजींचा खोकला कसा आहे? आईचे गुडघे कसे आहेत? तू लिहिलंस की आठ महिन्यांत ती तुमच्या चौथ्या मजल्यावरून एकदाही खाली उतरलेली नाही आणि आता खिडकीतून माणसं टकलावरून ओळखते. वाचून भावजय तुझी हसली, मला काही हसू आलं नाही. त्याचसाठी तर हा घराचा घाट घातलाय. एकमजली घर, दारापर्यंत एकही पायरी नाही, आणि दाराशेजारी आईची खोली. ती खोली नीट झाली नाही तर बाकीचं घर माझ्या दृष्टीने गुरांचा गोठा, हे आधीच सांगून ठेवतो.

आता तू म्हणशील, शिंप्याने घराचा नकाशा काढावा म्हणजे अतीच झालं. अगं, पंचवीस वर्षं मी माणसांची मापं घेतोय. ज्याने एक खांदा वर आणि एक खाली असलेल्या हेडमास्तरांना सरळ दिसेल असा कोट शिवला, त्याला चार भिंती बेतता येऊ नयेत? आणि इंजिनियरकडे गेलो नव्हतो असं नाही. गेलो होतो. त्याने जागा पाहिली, मान हलवली आणि आईच्या खोलीपुढे सहा पायऱ्या काढल्या. का, तर म्हणे जमीन उताराची आहे आणि खालची माती भरवशाची नाही. सहा पायऱ्या! मी तिथून उठलो तो थेट दुकानात आलो, कटिंगच्या टेबलावर खाकी कागद पसरला, गोलाईची पट्टी आणि खडू घेतला आणि दुपारच्या चहापर्यंत घर बेतून मोकळा झालो. एक बाही स्वयंपाकघर, दुसरी बाही आईची खोली, मधे छातीच्या जागी बैठक. स्वयंपाकघराचं माप भावजयीने दोन्ही हात पसरून दिलं. (तेव्हा तिच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे माप थोडं जास्त आलंय, पण मी वाद घातला नाही.)

तो कागद मी मिस्त्रीच्या हातात दिला. या मिस्त्रीला सगळे 'होईल' म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो तेवढंच बोलतो. पण त्या दिवशी तो कागद बराच वेळ निरखत राहिला आणि भावजयीच्या देखत म्हणाला, "मास्तर, दर खोलीत माया लिहिलंय. ही कोण?" आता तुला ठाऊक आहे, शिवणीला जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. मी भिंतींनाही सोडली होती, पुढेमागे घर उसवून मोठं करायचं झालं तर असावी म्हणून. हे भावजयीला पटवायला मला पूर्ण एक दिवस लागला आणि अजूनही ती मधूनच विचारते, स्वयंपाकघरात माया कशाला.

खोदाईचा पहिला दिवस मी स्वतः उभा होतो. बाबांच्या जागेचे दोन वाटे झाले तेव्हा वरचा तू घेतलास आणि खालचा मी. (मोठ्या मनाने घेतला असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे खालच्याला रस्ता जवळ होता.) वरून जमीन अशी टणक की कुदळ उडायची. मी मनात म्हटलं, बघ त्या इंजिनियरला! हातभर खोदल्यावर माती मऊ झाली. दोन हातांवर लोण्यासारखी झाली. आणि तिसऱ्या हाताला कुदळ आत गेली ती गेलीच, दांडा तेवढा मिस्त्रीच्या हातात राहिला. बघता बघता चरात पाणी भरलं. शेजारचे पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर, ज्यांनी दोनदा विहीर खोदून धूळच काढली होती, ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणून सुस्कारा सोडला आणि माझ्या पायातून दोन बादल्या पाणी भरून घेऊन गेले. मी मिस्त्रीला विचारलं, "यावर घर बसेल का हो?" आम्हा शिंप्यांचा आपला शब्द, अंगावर कोट बसतो तसं. तो म्हणाला, "बसेल ना. पार बसेल." मी अर्धं मिनिट खूश होतो.

मग त्याने उपाय सांगितला की चर रुंद करू, तळापर्यंत दगड भरू, होईल. मी म्हटलं करा. नेमके तेव्हाच शाळेचे गणवेश आले, एकशे चाळीस चड्ड्या, त्यामुळे तीन दिवस मला मान वर करायला फुरसत नव्हती. चौथ्या दिवशी भावजयीला घेऊन गेलो आणि जे पाहिलं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. खोदलेलं घर अर्धं होतं. अपुरं नव्हे, अर्धं! अर्धी बैठक, एक बाही आणि पुढचं दार इतकं अरुंद की माणसाने आडवं होऊन आत शिरावं. चौथ्या बाजूला चरच नाही. मी त्या अर्ध्या दारातून आत जाऊन बघायला गेलो आणि पालथा पडलो (नमस्काराचा उल्लेख वर आलाच आहे). चिखलात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, आम्ही पाठ कापतो तेव्हा पूर्ण पाठ कुठे काढतो? कापड दुमडायचं, अर्धा कागद घडीवर ठेवायचा, कापायचं, उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. पंचवीस वर्षांची सवय! मी घरसुद्धा अर्धंच काढलं होतं आणि मधल्या कडेला व्यवस्थित लिहिलं होतं, 'घडीवर'. मिस्त्रीने ते वाचलं 'घडीभर'. म्हणाला, "मला वाटलं ती भिंत थोड्याच दिवसांसाठी आहे, तिला कशाला पाया." अक्षर माझंच.

शेवटी खिशातून रुमाल काढला, दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. मिस्त्री रुमालाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "होईल." आणि ताई, झालं! चार दिवसांत दुसरं अर्धं खोदून झालं, आणि तिथे काय लागलं सांग? खडक! एका पावलावर चिखल संपतो आणि खडक सुरू होतो. पहार मारली की घंटेसारखी वाजते. भावजयीने स्वतः एकदा ती वाजवून पाहिली आणि म्हणाली, आता सासूबाईंना बोलवा. चिखलाकडची बाजू दगडांनी भरून काढली आहे, तिथे स्वयंपाकघर येईल. पण आईची खोली अख्खी खडकावर आहे, आणि दारासमोर सपाट जमीन. एकही पायरी नाही. त्या इंजिनियरला मी मुद्दाम निरोप पाठवलाय.

असो. पाल्हाळ फार झालं. आईला नमस्कार सांग, भाऊजींना खोकला थांबल्यावर सांग आणि भाच्यांना वयाप्रमाणे पापा किंवा धपाटा, जे शोभेल ते.

तुझा चिखलातून वर आलेला
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. मिस्त्रीने कागद उलटा धरला होता. घडीची कड रस्त्याकडे यायची ती तुझ्या-माझ्या हद्दीवर आली, त्यामुळे उलगडलेलं अर्धं घर हद्द ओलांडून तुझ्या वाट्यात गेलं. तेवढी पट्टी मला दे आणि बदल्यात माझ्यातली तेवढीच घे. (पाण्याची आहे. पोस्टमास्तर तर जीव टाकतात तिच्यावर.) सोबत कागद जोडलाय, फुली आहे तिथे सही कर.

ता. क. दुसरा. अगदी मोकळ्या मनाने ठरव. नाही म्हणालीस तर चर बुजवून जागा होती तशी करून देता येईल का, असं मी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, होईल. (काँक्रीट सोमवारीच ओतलं. एका अर्थी बुजलेच म्हण.)

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं. ताई, मिस्त्रीची चूक पहिल्या अर्ध्यापुरती. दुसरं खोदायच्या आधी त्याने मला विचारलं होतं, वर उलगडायचं की सगळं घर खाली सरकवायचं. खाली सगळा चिखल. मी वर जाऊन पहार मारून पाहिली, आणि ती वाजल्यावर हात वर केला. तुला न विचारता. पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा मी ठेवून घेतली नाही, आणि सख्ख्या बहिणीच्या जागेत कात्री घातली. मला माझाच धक्का बसलाय, तुला तर काय वाटेल. पण त्या चिखलात आईची खोली टिकली नसती गं. ती खोली पूर्ण तुझ्या जागेत आहे, बोटभरसुद्धा माझ्याकडे नाही. तेव्हा तू सही केलीस तर आई माझ्याकडे राहील आणि नाही केलीस तर तुझ्याकडेच राहील. कसंही कर, पण तिला खाली आण.