नवमीच्या पूजेसाठी हलवलेली मशीन

भंडारा, शुक्रवार
(दसऱ्याले पंधरा दिवस होऊन गेले)

आदरणीय परसराम मामा, मुक्काम एकोडी, यांस भाचा अंकुशचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून राहिले का तसेच धानाच्या बांधीत उतरून राहिले? मामीची शुगर कमी झाली असं ऐकलं. (म्हणजे तिनं तपासायचं सोडलं असंल.) इकडे आई बरी आहे, तुमची आठवण काढते, अन् तुमची आठवण काढली की माझ्याकडे पाहते. मी बरा नाही, पण डॉक्टरले दाखवावं असं काही नाही. जेवण जात नाही अन् पंख्याखाली बसून घाम येते. फोन असताना पत्र काहून, असं तुमाले वाटंल. मामा, तुमचा फोन तीन वेळा आला अन् तिन्ही वेळा मी गुडघा विचारला, पाऊस विचारला अन् ठेवून दिला. तुम्ही मात्र एकच विचारत होते, की आपल्या रीनाची नोकरी काहून गेली, पोरगी काही सांगत नाही, दिवसभर पडवीत बसून राहते. मामा, ती नोकरी माझ्यामुळं गेली. आता हे लिहून झालं, तं बाकीचं लिहायले जड नाही.

आमची कंपनी तलावांच्या पाण्याचा अंदाज काढते, हे तुमाले माहीत आहे. कुठं किती भरलं, पाणी केव्हा सोडावं, हा सारा हिशोब करणारा प्रोग्राम रीनानं लिहिला. (तिले इथं मीच लावून दिलं, हे मी सगळ्या एकोडीत सांगत फिरलो. तेव्हा कोणी थांबवलं असतं तं बरं झालं असतं.) हा प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर चालते तो खरा कॉम्प्युटर नाही. एका मोठ्या मशीनच्या पोटात आम्ही असे सहा कॉम्प्युटर बसवले आहेत. प्रत्येकाले वाटते आपलं घर वेगळं, पण छप्पर एकच. त्याले व्हर्च्युअल मशीन म्हणतात, तुम्ही भाडेकरू म्हणा. आता खऱ्या मशीनच्या प्रोसेसरात बारीक काउंटर असतात. किती काम झालं, किती वेळ नुसती वाट पाहण्यात गेला, हे ते मोजतात. भाडेकरूले सहसा ते दाखवत नाहीत, कारण दाखवले की पुढं त्याले दुसऱ्या घरी हलवताना भानगड होते. पण आमचे मालक वीरेंद्रबाबू (आधी तांदळाचा धंदा, आता हा) रोज म्हणत की प्रोग्राम हळू चालते. रीना म्हणाली, दादा, मोजल्याशिवाय मी काय सांगू? मशीन सांभाळायचं काम माझं, म्हणून मी तिच्या भाडेकरू मशीनले काउंटर उघडून दिले. तिथपर्यंत मी शहाणा होतो.

मग आली नवमी. वीरेंद्रबाबूच्या घरी पिढ्यानपिढ्या अवजारांची पूजा होते, अन् पूजेच्या दिवशी अवजाराले कामाले लावत नाहीत. या वर्षी त्यांनी ठरवलं की नवी मशीनही बंद राहीन. पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून. मी म्हटलं, बाबू, परतीचा पाऊस चालू आहे, तलावाचा हिशोब कसा थांबवायचा? ते म्हणाले, कोपऱ्यातली जुनी मशीन आहे ना, तिच्यावर टाक. (जुनीची पूजा नव्हती. म्हातारपणी असंच होते, आईले सांगू नका.) चालू भाडेकरू या मशीनवरून त्या मशीनवर उचलून नेता येते, त्याले पत्ताही लागत नाही. पण नवीत काउंटर आठ, जुनीत चार. अन् त्याहून वाईट म्हणजे, ज्या नंबरवर नवी मशीन वाट पाहणं मोजते, त्याच नंबरवर जुनी मशीन झालेलं काम मोजते. म्हणून हलवायच्या आधी काउंटर बंद करायचे, ही पहिली पायरी. मले ती पाठ आहे. स्क्रीननंही अडवलं, की दोन्ही प्रोसेसर जुळत नाहीत, हलवू नका. मी जबरदस्तीचं बटन दाबलं. काहून? तं गेटसमोर जीप हॉर्न देऊन राहिली होती, आत आई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, अन् दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर पोचायचं होतं. निघता निघता मी एकच शहाणपण केलं, नारळ यूपीएसवर फोडू नका असं सांगितलं. ते ऐकून त्यांनी तो बाहेर फोडला. हळद मात्र मशीनच्या पंख्यात गेली, अन् नवी मशीन चार दिवस उठली नाही.

त्या चार दिवसांचे आकडे रिपोर्टात आले. वडाची साल पिंपळाले, झालेलं काम वाट पाहण्याच्या खात्यात. शंभरातले एक्याण्णव भाग मशीन नुसती वाट पाहून राहिली, असा कागद निघाला. वीरेंद्रबाबूनं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला अन् म्हणाले, ही पोरगी एवढ्या महागाच्या मशीनले बसवून ठेवते. रीनानं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मले वाटलं आज रागावतील, उद्या थंडे होतील, मग सावकाश सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिले येऊ नको म्हटलं. मी काय केलं? तिची बॅग उचलून स्टँडवर नेली, साकोलीच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली, अन् चिवड्याचा पुडा घेऊन दिला. ती म्हणाली, दादा, आत्याले काही सांगू नको, तिचा बीपी वाढते. मी मान हलवली. मामा, लाज वाटते. रोज वाटते.

तुमाले आठवते का, मी आठवीत असताना तुम्ही मले धानाचे भारे मोजायले धुऱ्यावर बसवलं होतं? या बांधीतून त्या बांधीत गेलो अन् आकडा विसरलो, अन् विसरलो म्हणायची लाज वाटली म्हणून मनानंच सांगून दिला. तुम्ही सगळे भारे पुन्हा मोजले. या वेळी पुन्हा मोजणारं कोणी नाही.

मामीले जयभीम. गुडघ्याले जपा. रागावायचं असंल तं पोटभर रागवा, मी ऐकून घेईन.

तुमचा भाचा,
अंकुश

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलं. रीनाजवळ एक निळी वही आहे. कोणत्या दिवशी कोणत्या नंबरवर काय मोजलं, ते सारं तिनं तारखेसह लिहिलेलं असते. ती वही मिळाली तं आकडे उलटे होते हे दाखवता येईन. ती एसटीच्या पार्सलनं पाठवजा. कायले पाहिजे ते तिले सांगू नका. मी साहेबाले, म्हणजे वीरेंद्रबाबूले, सांगणार आहे, पण थोडं सावकाश, योग्य वेळ पाहून.

ता. क. दुसरी : वही पाठवू नका. पाकिटाले गोंद शोधायले तिचं ड्रॉवर उघडलं तं वही इथंच निघाली. नवमीच्या तारखेखाली तिच्या अक्षरात असं आहे : "दुपारपासून आकडे उलटे. मशीन हलवलेली दिसते. काउंटर बंद करायचे राहिले. दादाले घाई होती, आत्याले नागपूरले न्यायचं होतं. साहेबाले सांगितलं तं दादाची नोकरी जाईन." त्याखाली काही नाही, कोरं पान आहे. मामा, तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अन् ती चिवडा घेऊन गाडीत बसली.

ता. क. तिसरी : वही अन् हे पत्र दोन्ही वीरेंद्रबाबूच्या टेबलावर ठेवून, त्यांनी वाचेपर्यंत समोर उभा राहिलो. रीनाले सांगा, त्यांनी तिले परत घेतलं, सोमवारी सकाळच्या गाडीनं यायचं आहे. मशीनचं काम आता कोण पाहीन, असं त्यांनी मले विचारलं. मी म्हटलं, रीना. तं माझ्या खुर्चीवर ती बसंल, अन् मी मंगळवारी एकोडीले येतो. कापणीले माणसं कमी आहेत असं तुम्ही म्हणत होते, माझ्यासाठी एक विळा काढून ठेवा. पण भारे मोजायले मले बसवू नका.