पाळकबाईंची साक्ष

प्रिय ताई,

माझ्या छातीतली गाठ प्रार्थनेनं विरघळली, असं ह्यांनी भर उपासनेत जाहीर केलं. पाळकाच्या बायकोवरच चमत्कार झाला म्हटल्यावर चर्चमधले लोक आनंदानं रडले. गाठ मात्र जागेवरच होती. घरी मी तसं म्हटलं, तर हे शांतपणे म्हणाले, "तुझा विश्वास कमी पडतोय. आता दवाखान्यात गेलीस तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

मी दवाखान्यात गेले नाही. काल शेजारच्या शिक्षिकाबाई हसतच आल्या. "पाळकबाई, तुमचं ऐकून मीही माझ्या गाठीचं ऑपरेशन रद्द केलं."

मी त्यांचा हात धरून माझ्या गाठीवर ठेवला. "ही बघा, आहे अजून. तुम्ही आजच डॉक्टरांकडे जा." त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि तशाच निघून गेल्या. मी वळले, तर दारात हे उभे होते.

ओरडले नाहीत. माझा फोन तेवढा खिशात टाकला.

आज बाहेरच्या खोलीत चर्चमधले वडीलधारे जमलेत. माझ्यात दुष्ट आत्मा शिरलाय, असं हे त्यांना समजावताहेत. टपालही ह्यांच्याच हातून जातं, तेव्हा माझं पत्र काही तुला मिळायचं नाही. त्या बाई मात्र सकाळीच ॲडमिट झाल्या, असं दूधवाली खिडकीतून सांगून गेली.

आता खुर्च्या सरकल्याचा आवाज येतोय. सगळे उठलेत.

तुझी,
धाकटी