शेवट ठाऊक असलेला सिनेमा

मी, गंगाराम सदू कासारे, वय वर्षे सत्तावन्न, धंदा नोकरी (फिटर, तुर्भे येथील एका रासायनिक कारखान्यात), राहणार वाशी, नवी मुंबई, मूळ गाव तालुका मंडणगड, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून सही घेत नाही. छातीचे दुखणे निघाल्यापासून डॉक्टरीणबाईंनी जिने चढू नका असे सांगितले आहे आणि माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तेव्हा हे काम लांबवण्यात अर्थ नाही.

कलम १. जुलै १९८२ मध्ये ठाण्याच्या एका वकिलाकडे बसून मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द करतो. त्यात राहते घर पुतण्या बंडू याला दिले होते, आणि पत्नी रखमा हिने 'चांगल्या वर्तणुकीने राहिल्यास' मरेपर्यंत आतल्या खोलीत राहावे असे लिहिले होते. ते शब्द वकिलाचे नव्हते, माझे होते. ते का लिहिले आणि आता का खोडतो, हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला पटणार नाहीत.

त्या उन्हाळ्यात चेंबूरच्या एका थिएटरात एक मराठी विनोदी सिनेमा लागला. त्याचे नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. गोष्ट एवढीच, की मुलीच्या बापाचा टायपिंगचा क्लास असतो. मुलगा टायपिंगमध्ये पटाईत, पण मुलीसाठी क्लासात नाव घालतो आणि क्लास संपू नये म्हणून मुद्दाम चुका करतो. बाप ओरडायला उठतो, तावातावाने परत बसतो आणि खुर्ची मोडते. असे तीनदा. शेवटी लग्न. पहिल्या पाच मिनिटांत सगळे कळते.

रखमा तो सिनेमा सात वेळा पाहून आली.

पहिल्या खेपेला बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर गेली. तिकिटे आमच्या समोरच्या दारातले श्री. श्यामसुंदर टिपणीस यांनी काढून दिली. ते त्याच थिएटरात बुकिंग क्लार्क. बायको वारलेली, केस तेल लावून मागे वळवलेले, आणि कोणाशीही बोलायच्या आधी हसणारे. मी बोलायच्या आधी हसत नाही. नंतरही क्वचितच.

घरी भाकरी थापता थापता रखमा मध्येच हसू लागली. मी विचारले, "काय झालं?"

"काय नाय. खुर्ची आठवली."

बावीस वर्षांच्या संसारातली माझी कुठली गोष्ट आठवून ती अशी एकटी हसली होती, हे मी बसून शोधले. एकही सापडली नाही. तेव्हापासून मला त्या खुर्चीचा राग येऊ लागला. लाकडाच्या वस्तूवर माणूस किती दिवस रागावणार? चौथ्या खेपेनंतर तो राग टिपणिसांवर गेला. त्यात बंडू येऊन म्हणाला, "काका, बिल्डिंगमध्ये लोक बोलतात." कोण बोलतात, काय बोलतात, मी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो.

सातव्या खेपेला, रविवारी तीनच्या खेळाला, मी ओव्हरटाइम आहे असे खोटे सांगून तिच्या मागच्या बसने चेंबूरला गेलो. अंधार झाल्यावर आत शिरलो आणि ती बसली होती तिच्या मागे दोन रांगा सोडून बसलो. थोड्या वेळाने खिडकी बंद करून टिपणीस आले आणि तिच्या शेजारी बसले. थिएटर अर्धे रिकामे होते. खुर्ची मोडायच्या आधीच रखमा हसायला लागायची आणि मोडली की टिपणीस तिला सामील व्हायचे. मी पडद्याकडे पाहतच नव्हतो, दोघांचे हात पाहत होतो. हात आपापल्या जागी होते. ते पाहूनही मला बरे वाटले नाही. हातात हात असता तर निदान भांडता आले असते. नुसत्या हसण्यावर भांडायचे कसे?

मध्यंतरात दिवे लागले तसा मी खाली वाकलो. टिपणिसांनी तिला शेंगदाण्याची पुडी दिली आणि विचारले, "वहिनी, तुम्हाला सगळं पाठ झालंय. शेवटही ठाऊक. मग परत परत का येता?"

रखमा म्हणाली, "शेवट ठाव हाय म्हनूनच येते, भावजी. हितं बाप कितीबी वरडला तरी शेवटाला हसनार, ह्ये आधीच ठाव असतं. जिवाला धाक नसतो. घरी तसं नाय. ह्ये दारात चपला काढतात, तवा मी कान देऊन ऐकते, आज कसे आलेत म्हनून."

टिपणिसांनी पुडीतले दोन दाणे उचलले. त्यांनी तिची कीव केली असती तर मी तिथेच उठून तमाशा केला असता.

मध्यंतरानंतर मी पहिल्यांदा पडदा पाहिला. तिसऱ्यांदा खुर्ची मोडली तेव्हा मीही हसलो. मोडणार हे ठाऊक असून हसलो. मग तोंडाला रुमाल लावला आणि लग्न लागायच्या आत बाहेर पडलो. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातला वैताग तिथेच ठेवून यायचे ठरवले. जिन्यातूनच हाक द्यायची, "रखमा, आलो गं," आणि चहा होईपर्यंत एक काहीतरी सांगायचे. मला सांगता येत नाही, म्हणून रोज आमच्या फोरमनचे सांगायचो. तो जेवणाचा डबा कुठेतरी ठेवतो आणि मग आख्ख्या शेडमध्ये शोधत फिरतो. पहिल्या महिन्यात रखमा घाबरूनच होती. "बरं हाय ना तुमाला?" म्हणायची. चार-पाच वेळा माझा जुना पारा चढला, एकदा ताट भिरकावले, हेही लिहून ठेवतो. पण डिसेंबरात एका संध्याकाळी मी "आज फोरमननं..." एवढेच म्हणालो आणि ती पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता हसली. "गावला का डबा?" म्हणाली. तरी मी सगळे सांगितले. तिला शेवट ठाऊक होता, तरी ती समोर बसून ऐकत राहिली.

कलम २. राहते घर, प्रॉव्हिडंट फंड आणि पोस्टातले जे काही असेल ते सर्व रखमा हिचे. पूर्ण मालकीने, कोणत्याही अटीशिवाय.

कलम ३. माझी हत्यारांची पेटी, सर्व पान्ह्यांसह, मुलगी मीना हिला. जावयाला नाही. ते सज्जन आहेत, पण स्क्रू उलटा फिरवतात.

कलम ४. बंडूचे नाव मुद्दाम लिहीत आहे, म्हणजे मी विसरलो असे कोणी म्हणू नये. त्याला काही देत नाही. त्याच्यावर रागही ठेवत नाही, कारण बोलला तो असला तरी सही माझी होती.

कलम ५. माळ्यावरची लोखंडी शिडी टिपणिसांची आहे. १९८४ साली आणली आणि ते मागत नाहीत असे पाहून ठेवून घेतली. ती पुसून परत करावी.

कलम ६. रखमाला सहीपुरतेच लिहिता येते. म्हणून हा कागद मीनाने तिला वाचून दाखवावा, चेंबूरचा भाग न गाळता. वाचताना दुसरे कोणी नसावे.

कलम ७. माझ्यामागे रखमाने श्री. टिपणीस यांच्याकडे चहाला जावे, त्यांच्याबरोबर सिनेमाला जावे आणि दोघांच्या मनात आल्यास लग्नही करावे. मीना, जावई, बंडू किंवा बिल्डिंगमधले कोणीही आडवे येऊ नये. माझी स्वतःची हरकत आहे. ती इथे लेखी नोंदवतो, कारण सहा वर्षांत ती तसूभरही कमी झालेली नाही. आजही जिन्यात त्यांचा आवाज आला की मी हातातले काम थांबवतो. परंतु हे कलम अमलात येईल तेव्हा हरकत घेणारा हयात नसेल. सबब ती विचारात घेऊ नये.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि बरोबर आहे म्हणून दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण : वाशी, नवी मुंबई
दिनांक : १७ एप्रिल १९८८, रविवार

(सही) गंगाराम सदू कासारे

साक्षीदार :
१. (सही) कान्हा धर्मा म्हात्रे, फिटर, राहणार सारसोळे
२. (सही) डॉ. जयमाला विनायक पेठे, राहणार वाशी