खुर्शीदबीच्या मातीतला कर्ब

१० एप्रिल २००७, अमरावती

शेंदूरजनाघाटची सभा दणक्यात झाली, आणि मी हरून आले.

संत्रावाले चारशेच्या वर होते. मी नेहमीचंच बोलले — कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी जाळू नका, मातीतला जीव मारू नका, गांडुळं आणि जिवाणू आपला कर्ब मातीत सांभाळून ठेवतात. टाळ्या! मग मागच्या रांगेतून किसनराव उठले, जुने बागायतदार. अगदी हळू विचारलं, "बाई, एवढे जीव मातीत श्वास घेऊन राहिले, त मंग ते कर्ब ठेवून राहिले का फुकून राहिले?"

मी काय केलं? आवाज चढवला. काळ्या आईवर पाच वाक्यं ठोकली. पुन्हा टाळ्या. किसनराव खाली बसले, पण माझ्याकडेच बघत राहिले. मला उत्तर येत नाही, हे त्या मांडवात एका माणसाला कळलं. दोघांना — मलाही.

११ एप्रिल

ठेवतात की फुंकतात? चार पुस्तकं काढली. एक म्हणतं ठेवतात. दुसरं म्हणतं फुंकतात. तिसरं दोन्ही म्हणून गप्प बसतं. चौथ्यात गांडुळाचं चित्र तेवढं चांगलं आहे.

१५ एप्रिल

दर्यापूरच्या अलीकडं, खुर्शीदबीकडं जाऊन आले. बरं झालं गेले, आणि वाईटही झालं.

चार एकर काळी जमीन. नवरा रहमतुल्ला, दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. २००४ साली त्या अख्ख्या शिवारात माझं पहिलं ऐकलं ते या नवराबायकोनं. पऱ्हाटी कुजवून घातली, रासायनिक खत बंद केलं. लोक हसले तरी ऐकलं. आता मुलगा अफनान म्हणतो, वरची दोन फूट माती वीटभट्टीला द्यायची आणि दर्यापुरात दुकान टाकायचं. भट्टीवाला मे महिन्यात मशीन आणणार.

अफनान उद्धट नाही. हसतच म्हणाला, "ताई, तुमचे गांडूळ भाषण चांगलं ऐकतेत. कापूस नाई वाढवत." मीही हसले. मग हसू येईना.

दोन फूट माती! ती एकदा गेली की या घराच्या पाच पिढ्यांना परत दिसायची नाही. हे मी उभी राहून, हात उंचावून सांगितलं. खुर्शीदबी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "ताई, भाषण नको. कागद आना. तीन वर्सं तुमी सांगून राहिल्या का मातीत कर्ब वाढते. वाढला असंन त मी मशीनपुढं आडवी पडतो. नसंन वाढला त पोराले काहून आडवू?"

नेमका प्रश्न. एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या सभेत कोणी विचारला नव्हता.

तिथल्या तिथं कुदळ मागितली. शेत रिकामं, भेगाळलेलं. आठ जागी वीतभर खोल खड्डे घेतले, माती एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले. असं करत अर्धा किलो राहिली, ती कापडी पिशवीत भरली. अफनाननं खड्डे खणून दिले. एका शब्दानं टोकलं नाही.

२४ एप्रिल, अकोला

०.५३.

२००४ च्या कागदावर ०.७१ टक्के होतं. तीन वर्षं शेण, पऱ्हाटी, पालापाचोळा घालून कर्ब कमी झाला!

प्रयोगशाळेतल्या जिब्रानशी भांडले. तो पोरगेलासा दिसतो, पण बारा वर्षं माती तपासतोय. चाचणी दोनदा केली म्हणाला. मी म्हटलं, पावसाळ्यात त्या शेतात एका फावड्याला अकरा गांडुळं मी स्वतः मोजलीत. तो म्हणाला, "मॅडम, गांडूळ म्हणजे कर्ब नाही. त्यालाही पोट आहे."

मग चहा मागवून त्यानं समजावलं. आपण जे घालतो ते हे जीव खातात, आणि त्यातलं बरंचसं श्वासावाटे हवेत जातं. म्हणजे किसनराव बरोबर! पण खाऊन ते वाढतात, मरतात. त्यांची मेलेली शरीरं, त्यांचा चिकटा काळ्या मातीच्या कणांना धरून राहतो. टिकतो तो कर्ब मुख्यतः हाच. गांडुळाच्या विष्ठेच्या कणीत तर तो कोंडूनच राहतो, दुसऱ्या जिवाणूंना पोचता येत नाही. म्हणजे मीही बरोबर?

"मग चोर कोण? राखणदार कोण?" मी विचारलं.

"तेच दोघं," जिब्रान म्हणाला. "नांगर ती कणी फोडतो, बुरशीचे धागे तोडतो, आत हवा जाते. मग राखणदारच खायला बसतो. जिथं नांगर जात नाही तिथं बघा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवताखाली, कब्रस्तानात. तिथं हाच आकडा दीडपट निघतो." मग कागद उलटवत म्हणाला, "पहिली माती कुठली होती?"

"त्याच शेतातली. मी स्वतः घेतली होती. पिशवीवर माझी सही आहे."

"मग घटला," तो म्हणाला. "नांगरटी जास्त झाली असणार."

२५ एप्रिल

तीन वर्षांत एकदाही सभेत नांगराचं नाव घेतलं नाही. मी लोकांना काय सांगत होते?

२६ एप्रिल

खुर्शीदबीला वाचता येत नाही. अफनान कागद पाहील, पण दोन आकड्यांतला कुठला आधीचा हे मी सांगेन तेच. बोट फिरवलं की झालं. दोन फूट माती वाचते!

सकाळपासून हाच विचार. वाईट आहे का तो? कळत नाही. चांगल्या गोष्टीसाठी खोटं बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर तोफा डागल्या. आज त्यांची कड घेणारी वाक्यं आपोआप सुचतायत, आणि चांगली सुचतायत. भीती त्याचीच वाटते.

२७ एप्रिल

खरं सांगितलं. एकाहत्तरचे त्रेपन्न झाले.

खुर्शीदबीनं कागद हातात घेतला, उलटा सुलटा पाहिला. म्हणाली, "खोटं नाई बोलल्या. बरं केलं." मग अफनानला हाक मारली, "सांग भट्टीवाल्याले, माती ने म्हनावं." तो आनंदेल असं वाटलं होतं. तो आतच गेला.

निघताना तिनं वाळलेल्या बोरांची पुडी दिली. धुऱ्यावरच्या बोरीची. रहमतुल्लानं लावलेली.

बसमध्ये थकले होते, पण मान ताठ होती. एवढं लिहून ठेवते.

३ मे

जायला नको होतं. गेले.

मशीन उतरलं होतं. माती थरानं सोलत होतं आणि ट्रॉल्या भट्टीकडं जात होत्या. ट्रॉलीमागं बगळे होते! वीस, पंचवीस. खाली वाकून पाहिलं. फुटलेल्या ढेकळांत गाठी मारून झोपलेली गांडुळं, एकेका ढेकळात चार-चार. उन्हाळ्यात ती खोल जाऊन झोपतात, म्हणून एप्रिलात दिसली नव्हती.

खुर्शीदबी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बगळ्यांच्या चोचीतली गांडुळं पाहत म्हणाली, "ताई, हे एवढे होते?"

एवढा जीव आणि आकडा खाली? कुठं काय चुकतंय ते कळत नाही.

सगळं शेत दोन फूट खाली गेलंय. धुरा तेवढा भिंतीसारखा उभा आहे, वर बोर.

४ मे

त्या साली गांडुळं किती होती ते लिहिलं असेल, म्हणून २००४ ची वही काढली.

'२९ जून. खुर्शीदबीच्या शेतात परवाच पेरणं झालं. रहमतुल्लाभाई म्हणाले, ताई, सरकीवर पाय नका देऊ. म्हणून माती धुऱ्यावरून घेतली, बोरीखालची. माती एकच.'

०.७१ धुऱ्याचा होता, जिथं आकडा दीडपट निघतो. २००४ चा शेताचा आकडा मी कधी घेतलाच नव्हता.

अक्षर माझंच आहे.