मायला तारीख आली न्हाई

पेडगाव, २८ ऑगस्ट २०२५

चि. बालाजीस अक्काचे अ. उ. आ.

इकडं समदे बरे हाव. फोन तू अर्ध्यातच ठेवतूस, म्हणून लिव्हायलेय.

पुण्याच्या दवाखान्यात मायची परीक्षा घेतली अन् ती नापास झाली म्हणालास. डॉक्टरनं तारीख इचारली, तर मघा नक्षत्र लागून तीन दिवस झाले म्हणली. बरळली म्हणं! अरे, एकोणीस तारखेला मघाचा तिसराच दिवस व्हता, पंचांग काढून बघ. जल्मात कधी तारखेनं जगली का ती? तुझा जलमबी मिरगातला म्हणून सांगती. डॉक्टरला न्हाई कळलं, पण तू पेडगावचा ना रे? बाजूला बसून मुका झालास.

चैत्रात दूध करपलं, एवढ्यावरून तिला उचलून नेलंस. इथं ती पहाटं मारुतीला जायची, चार घरी बोलत यायची, तुरी निसायची. तिथं तिला सूपबी धरू देत न्हाईत. अकराव्या मजल्यावर टीव्हीपुढं बसवलंय. पडून राहिला तर इळाबी गंजतो, हे तर माणसाचं डोकं हाय.

लय राग आलाय, पण माया हाय तेवढीच हाय.

तुझी अक्का सविता


पुणे, ४ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास बालाजीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं. गावात बसून बोलणं सोपं असतं. त्या दिवशी गॅस तासभर चालू होता, हे लिहायचं बरं राहिलं तुझं! घर पेटलं असतं तर तूच मला शिव्या घातल्या असत्यास. तिला कामाला लावलं असतं तर लेकानं म्हातारीला राबवलं म्हणून गावभर झालं असतं. बाई ठेवली आहे, वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. आणखी काय करू?

मघाचं माझ्या ध्यानात आलं नाही, ही माझी चूक. पण अक्का, सगळंच काही मघाचं नाही. परवा ऑफिसातून आलो, तर तिनं पाणी दिलं आणि विचारलं, पाव्हणे, कोणत्या गावचे तुमी? मी पेडगाव सांगितलं. मग तिनं गावातल्या एकेकाची खुशाली विचारली. एक नाव चुकलं नाही.

रागाचं का होईना, पण पत्र पाठव.

तुझा बालाजी


पेडगाव, ९ सप्टेंबर २०२५

चि. बालाजीस अ. उ. आ.

पत्र वाचून रडले, मग पुन्हा राग आला. तुझ्यावर आला, माझ्यावरबी आला. तो गॅस मीच बंद केला व्हता, तरी तुला तसलं लिव्हलं. गॅसपाशी मी उभी राहीन, पण भाकर तिची तिला थापू दे.

हिंडण्या-बोलण्यानं ती पहिल्यासारखी व्हईल असं म्हणत न्हाई. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या सुकेशनी सिस्टरबी तसं म्हणल्या न्हाईत. हाय ते टिकायला मदत व्हईल, एवढंच म्हणल्या. गोळ्या चालू ठेवू, परभणीला दाखवू.

रविवारी येते. तिची लुगडी बांधून ठेव. अन् तूबी आठ दिवस रजा काढून संगं चल. रजा न्हाई म्हणलास तर पुन्हा मला अक्का म्हणू नकोस. गल्लीतल्या बाया तिला दिवसातून दहा येळा इचारतील, दगडाबाई, कोण आलंय गं घरी? पहिल्या दिवशी मी तिच्या कानात सांगीन, तुझा बालाजी म्हण. पुढं तिचं तिनं सांगावं.

न्हाई सांगता आलं, तरी तू तिच्यापसून उठायचं न्हाई.

तुझी अक्का